वाढत्या अंगाचा फ्रॉक

आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं यांना लांबूनच कळतं आणि ते त्याच्या तोंडावर सांगायलाही हे कमी करत नाहीत. मुलांचे कपडे मात्र कायम वाढत्या अंगाचे. खाली भरपूर दुमड ठेवायची, मूल वाढलं की उसवायची.

नातीच्या फ्रॉकची दुमड वर्ष उलटलं तरी तशीच होती. पोरीला जन्मापासून एचआयव्ही. आमची लेक गेली, तेव्हापासून ती आमच्याकडेच. औषधं आजोबा घड्याळ लावून देतात, त्यात हयगय नाही. पण ताट पुढे आलं की पोरीचं तोंड वाकडं. अंड्यातलं पांढरं मांजराला, पिवळं शिलाई मशीनच्या खणात. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन असंच राहिलं तर दाखल करून घेऊ." ते ऐकून यांचं धाबं दणाणलं. लेकीनं त्याच दवाखान्यात डोळे मिटले होते.

पुढच्या तपासणीला वजनकाटा चक्क पुढे सरकला. मला तर रडूच आलं. हे मात्र छताकडे बघत होते.

"छान! आता औषधाचा डोस वाढवू," बाई म्हणाल्या. "तो वजनावरच ठरतो ना."

यांचा चेहरा उतरला. "बाई, कात्री आहे का?"

बाई 'कशाला?' विचारेपर्यंत टेबलावरची कात्री घेऊन यांनी फतकल मारली आणि फ्रॉकची दुमड उसवायला घेतली. फरशीवर शिशाचे तुकडे टणाटण पडले. पडदे नीट लोंबावेत म्हणून खालच्या शिवणीत घालतात ते!

"तरीच मला उड्या मारता येत नव्हत्या," नात म्हणाली.

"अहो आजोबा, औषध हिला द्यायचंय, पडद्याला नाही!" बाई कडाडल्या.

पोरगी दाखल झालीच. तिथे कळलं, तिच्या घशात फोड होते, गिळताना दुखायचं. आम्ही मेले ते तिचे नखरे समजत होतो! फोड बरे झाले तशी ती थोडं थोडं खाऊ लागली, पण अट घालून: आधी आजोबांनी घास घ्यायचा. शेवटी तिच्याआधी यांचंच पोट सुटलं.

परवा फ्रॉक आखूड झाला. दवाखान्यातून आल्यावर पुन्हा शिवलेली दुमड यांनी उसवली. जुन्या घडीची रेघ ठळक दिसत होती, खालचं कापड नवंकोरं. मी इस्त्री तापवली.

"राहू दे रेघ," हे म्हणाले. "पोर कुठवर होती, ते दिसू दे लोकांना."