अल्टरवाल्या बाईंचा ब्लॉग

कुठलाही कपडा हातात आला की अल्टरवाल्या बाई आधी तो उलटा करायच्या. वरून साहेब दिसणाऱ्या माणसाच्या कोटाचं अस्तर काखेत रफू करून करून दमलेलं असतं, हे गिऱ्हाइकाने पावती घेण्याआधीच त्यांना कळायचं. लग्न केलं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण इतक्यांचं आतलं बघून पोटात ठेवायचं तरी किती? म्हणून रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून त्या ब्लॉग लिहीत बसायच्या. लिहिताना आपलंही आयुष्य जरा उलटं करून बघता येतं, असं त्यांचं म्हणणं. वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातली एक त्यांची धाकटी बहीण, तीही ताईचं मन राखायला म्हणून.

आई गेल्यावर हिला बाईंनीच वाढवलं. आता हिला मूल व्हावं आणि आपल्याला कुणीतरी मावशी म्हणावं, एवढी एकच आस त्यांना होती. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. बाई त्या मावशीपणाला कधीच्या तयार होत्या. दिवस गेले की बहीण पांढऱ्या कॉलरचा हिरवा ड्रेस घेऊन यायची, बाई तो कमरेत सैल करायच्या. काही आठवड्यांनी तोच ड्रेस परत यायचा, घट्ट करायला. त्यावर दोघी बोलायच्या नाहीत. तिसऱ्या खेपेला तर कापडावर सुईच्या भोकांची रांगच उमटली.

ती रांग बाईंनी ब्लॉगवर लिहिली. रडत लिहिली, जीव ओतून लिहिली, त्यात खोट काढायला जागा नाही. बहिणीचं नाव घातलं नाही, 'एक गिऱ्हाईक' म्हटलं. पण जन्मभर माणसं कपड्यांवरून ओळखणाऱ्या या शहाण्या बाईला एवढं सुचू नये, की बाकीच्यांनाही डोळे असतात? हिरवा रंग, कॉलर, खिशाचं वेगळंच बटण, सगळं जसंच्या तसं होतं.

तो लेख हजारोंनी वाचला. फिरत फिरत तो बहिणीच्या ऑफिसात पोचला. जेवणाच्या सुट्टीत एकीने तो मोठ्याने वाचायला घेतला आणि मधेच समोरच्या कॉलरकडे बघून गप्प झाली. जे नवऱ्याशिवाय आणि ताईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, ते टेबलावर डब्यांच्या शेजारी येऊन पडलं.

बहीण तडक दुकानात आली. बसली नाही.

"ताई, काढून टाक ते."

"अगं, तुझं नाव कुठे घातलंय मी?"

"मला वाद घालायचा नाही. काढ."

"काढते गं, काढते."

बसल्या त्या काढायलाच. पण लेखाखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. तुमच्यासारखं मन सगळ्यांना मिळो, म्हणे. बाईंना उभ्या आयुष्यात शाबासकी माहीत नव्हती. पँट आखूड झाली की शिव्या तेवढ्या यायच्या. मोह सुटेना. सगळं कशाला उसवायचं, बोचतंय तेवढंच दुरुस्त करावं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. हिरवा खोडून निळा केला, कॉलर आणि बटण काढलं, आणि बहिणीचं काम केल्याच्या समाधानात त्या जेवल्या.

त्यानंतर बहिणीने फोन उचलला नाही. कित्येक महिन्यांनी तिचाच आला.

"मला पाचवा लागलाय."

बाईंना हुंदका आवरेना. "ये गं माझे आई, ड्रेस घेऊन ये, मी लगेच..."

"नवे शिवून घेतले. दुसरीकडे." तिचा आवाज शांत होता. "निळा केलास ना? मी त्याच संध्याकाळी बघितलं. या वेळी मूल राहील म्हणतात डॉक्टर. त्याने कधी विचारलं तर सांगणार आहे, मला बहीण नव्हती."

"मग मला फोन तरी कशाला केलास?"

"तुला लिहायला काहीतरी हवं असेल म्हणून."

बाई आठवडाभर रडल्या. रविवारी त्यांनी ते लिहिलं. आधीच्यापेक्षाही जास्त लोकांनी वाचलं.