तुटकी कवडी

धुरपताबाईचं चौंडकं सगळ्या नळदुर्ग भागात नुसत्या कानानं ओळखू यायचं. काखेत धरून तार छेडली की ठोक्यामागं एक बारीक टिक् उमटायची. तिच्या सासूनं तारेला तुटकी कवडी बांधून ठेवली होती, तिची ती टिक्. देवीची गाणी गाणाऱ्या आराध्यांच्या मेळात कितीही चौंडकी वाजोत, धुरपताबाईचं कुठलं ते आंधळाही सांगायचा.

याच कवडीनं तिचा घात केला. कवडीला कशाला बोल लावायचा? रुद्रेशनं केला.

रुद्रेश गावातला साउंडवाला. उन्हाळ्यात मोबाइल घेऊन तो तिच्या ओसरीवर येऊन बसला. "मावशी, येकच ठोका द्या. आता हळू. आता जोरात." तिनं हौसेनं दिले, वर चहा पाजला. देवीचं वाद्य जपून ठेवतोय बिचारा, असं तिला वाटलं. जपतोय कसला! ते ठोके त्यानं गाणी बनवायच्या ॲपमध्ये भरले आणि कुणालाही वापरायला मोकळे सोडले. आता पडद्यावर बोट टेकवलं की चौंडकं वाजायचं, टिक् सकट.

भादव्यात तिचा धाकटा दीर धोंडीबा गेला. सुतकात चौंडक्याला हात लावत नाहीत. तिनं ते फडक्यात बांधून खुंटीला टांगलं. आणि सुतक फिटायच्या आत मेळाची म्होरकी दगडाबाई दारात कडाडली, "दिराची राख निवली न्हाय, आन् तू शेजारच्या वाडीत माईकवर वाजवतीस? म्या शेतातनं ऐकलं. कवडी सुदीक ऐकली!"

"म्या घर सोडलं न्हाय, आक्का. ते बघा, खुंटीला हाय."

"मंग भुतानं वाजवलं व्हय? नवरात्रात मेळात बसायचं न्हाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी! लग्न होऊन आली तेव्हापासून ती या मेळात गात होती. ती जागा गेली तर तिच्याजवळ उरत काय होतं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचे ठोके मोबाइलमध्ये भरून नेणारा एकच होता. सुतकातली बाई तरातरा रस्त्यानं निघाली, ती थेट रुद्रेशच्या दुकानात.

"पुसून टाक ते. आत्ताच्या आत्ता."

"पुसतो की. पर लई जणांनी उतरवून घेतलंय, मावशी. पार सोलापूरपर्यंत गेलंय. तुमचं नाव झालं बघा!"

"नाव? माजा आवाज नेलास, मुडद्या! त्याला सुतक कोण पाळायला लावणार?"

त्याची गचांडी धरून तिनं त्याला दगडाबाईपुढं उभं केलं, मोबाइल वाजवायला लावला. दगडाबाईनं ऐकलं. पण म्हणाली, "बोटानं वाजू दे न्हायतर हातानं. आवाज तुझाच. उद्याबी वाजंल. ही वाजवत न्हाय म्हणून घरोघर सांगत फिरू का?"

हे खरं होतं, म्हणूनच धुरपताबाईचा संताप आवरेना. सुतक फिटल्यावर तिनं विळ्यानं तारेची कवडी कापून काढली. कापताना सासूची आठवण होऊन रडली आणि रुद्रेशला शिव्या घातल्या.

घटस्थापनेला ती कुणी न बोलावता मेळात जाऊन बसली. दगडाबाई तोंड उघडणार, तोच रस्त्यानं स्पीकर लावलेला टेम्पो गेला. ठोक्यामागं टिक्, ठोक्यामागं टिक्. सगळ्या बायका धुरपताबाईच्या हातांकडं बघू लागल्या. हात मांडीवर होते.

"धुरपे, तुझं वाजतंय की गं," दगडाबाई दबक्या आवाजात म्हणाली.

"माजं न्हाय ते. माजं ह्ये." तिनं चौंडकं काखेत धरून तार छेडली. ठोक्यामागं काहीच उमटलं नाही.