गुलशनची काचेतली सवत

पुण्याजवळच्या पौडच्या बाजारात कुणी विचारलं, "गुलशन, अलाउद्दीन मुंबईत करतो तरी काय?" की ती सांगायची, "मिठाचा खडा वाढवत्यात." लोक हसायचे. तिलाही यापलीकडं फारसं ठाऊक नव्हतं.

अलाउद्दीन, तिचा नवरा, मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत भट्टी सांभाळायचा. तिथले सर डोळ्यांना न दिसणारे किरण ओळखणारा नवा स्फटिक घडवू पाहत होते. मिठासारखी पूड काचेच्या नळीत बंद करून वितळवायची आणि नळी भट्टीतून तासाला तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढीच खाली उतरवायची. असे पंधरा-पंधरा दिवस. निवताना जरा घाई झाली की तडा जायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. महिन्याकाठी येणारा अलाउद्दीन तीन-तीन महिने येईना. पत्र यायचं, "खडा भट्टीत आहे. निघता येत नाही."

"सवतीचं तोंड तरी दिसतं," गुलशन सासूला, कमरबीला, म्हणायची. "हिचं त्ये बी न्हाई."

एक्क्याऐंशी सालच्या ईदलाही तेच पत्र आलं. गुलशननं आंबेमोहर तांदळाचं गाठोडं बांधलं आणि एकटीच यष्टीत बसली.

प्रयोगशाळेच्या दारात अलाउद्दीन दचकला. "तू हितं? घरी सगळी बरी हायेत ना?"

"घरी समदी बरी हायेत. मीच बरी न्हाई."

आतून सर आले. त्यांनी तिला बसवलं, काळा पडदा ओढला आणि तडा गेलेल्या जुन्या स्फटिकाची नळी न दिसणारे किरण सोडणाऱ्या एका दिव्याखाली धरली. नळीत निळा उजेड पेटला.

"रोग्याच्या अंगात किरण सोडणारं औषध कुठं पोचलं, ते अशा उजेडावरून दवाखान्यात कळेल," सर म्हणाले.

गुलशन उजेडाकडं बघतच नव्हती. त्या उजेडात नवऱ्याचा चेहरा दिसत होता. लग्नानंतरच्या दिवसांत तो तिच्याकडं असाच बघायचा.

भट्टीतल्या खड्याचे चार दिवस उरले होते. ती चारही दिवस अलाउद्दीनशेजारी स्टुलावर बसून राहिली. पाचव्या दिवशी खडा अखंड निघाला, मुठीएवढा, झऱ्याच्या पाण्यासारखा नितळ. दमट हवा लागू नये म्हणून तो लगेच ॲल्युमिनियमच्या डबीत बंद झाला आणि दवाखान्याच्या गाडीतून गेला.

अलाउद्दीन रिकाम्या फाटकाकडं बघत राहिला.

"गेला?" तिनं विचारलं.

"गेला."

"मग चला घरी."

तो आला. सहा दिवस भाताची बेणणी केली, आईच्या हातचं जेवला. सातव्या दिवशी बांधावर बसून म्हणाला, "सर आता दुप्पट मोठा खडा करायचा म्हणत्यात."

गुलशननं हातातलं तण टाकलं. "जावा. पर आता मी बी येनार."

कमरबीनं शेत गुलशनच्या दिरावर सोपवून सुनेला निरोप दिला. पुढं सात वर्षं दोघं मुंबईत एका खोलीत राहिली. त्या खोलीतून गावाकडचा डोंगर दिसत नव्हता. तरी गुलशन सकाळी दार उघडलं की आधी पुण्याच्या दिशेला बघायची, मग चूल पेटवायची.