काकांचं नेटवर्क

"कॅमेरे बंद करा, पाय वर घेवा, आणि हातात कायतरी काम घेवा," असं म्हणूनच काका दर सोमवारची मीटिंग सुरू करायचे.

हात रिकामे असले की माणूस मोबाइल चाळतो, असं त्यांचं ठाम मत. मग कोणी मेथी निवडायला घ्यायचं, कोणी कपड्यांच्या घड्या. आमची कुरिअर कंपनी. गोरेगावचं ऑफिस लॉकडाऊनमध्ये बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. तक्रारी निस्तरणारे आम्ही सगळे घरूनच काम करू लागलो. काका आमचे प्रमुख. मूळचे मालवणकडचे, उभं आयुष्य दिंडोशीत गेलेलं. 'सर' म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे.

तुम्हीही अशा मीटिंगा केल्या असतील. तासाभरात डोकं भणभणतं. काकांच्या मीटिंगमध्ये तसं होत नसे. कामाचं बोलणं चालू असताना ते मध्येच थांबवायचे. "कोण गो कांदो चिरता? सुरी बोथट झाली ती."

बोरीवलीची मीनल ओरडायची, "काका, तुम्ही कामाचं ऐकता की सुरीचं?"

"दोन्ही आयकतंय."

एकदा मी नेहमीसारखीच बोलले, असं मला वाटलं. मीटिंग संपताच त्यांचा फोन. "काय गो, रडलंस?" बाबांना त्या सकाळी हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग नवे साहेब आले. चेहरे दिसले की आपुलकी वाढते, असा त्यांचा हिशेब; म्हणून कॅमेरा सक्तीचा. माणूस वाईट नव्हता. वाढदिवसाला पडद्यावर फुगे वगैरे उडवायचा. काकांनी एकदाच सांगून पाहिलं, "साहेब, तोंडं बघायला लागलो की ऐकणं राहून जातं." साहेब हसले. त्यानंतर काका इस्त्रीचा शर्ट घालून बसू लागले. मागे समुद्रकिनाऱ्याचं खोटं चित्र, त्यात त्यांचे कान अधूनमधून गायब व्हायचे.

तेही सुरुवातीलाच दिसलं. पुढे काकांकडे बघत कोण होतं? मीटिंगभर मी माझेच केस सारखे करत असे. इतरांचंही तेच.

दिवाळीनंतर काकांचा आवाज तुटक यायला लागला.

"काका, तुमचं नेटवर्क बघा ना जरा," मीनल म्हणाली. साहेबांनी राउटर बदलायला सांगितलं. काकांनी बदलला. तरी घरघर तशीच. ते खिडकीपाशी बसून बघू लागले, मग गॅलरीत. शेवटी स्वतःच म्हणायला लागले, "नेटवर्कच आसतला." पुढे बोलणंच कमी केलं, चॅटमध्ये लिहायचे. आम्हाला तेही सोयीचं वाटलं.

नेटवर्क नव्हतं. घशात गाठ होती. डॉक्टरांकडे गेले तोवर उशीर झाला होता, स्वरयंत्रच काढावं लागलं. एखाद्या सोमवारी तरी आमचे कॅमेरे बंद पडायला हवे होते, असं मला अजून वाटतं आणि जीव जळतो.

परवा मी आणि मीनल दिंडोशीला गेलो. काका सोफ्यावर बसले होते, गळ्याभोवती पातळ रुमाल. आम्ही दोघी धास्तीने एकसारख्या बडबडत राहिलो. काका मान हलवत होते. मध्येच त्यांनी काकूंना हाताने काहीतरी खुणावलं.

काकू म्हणाल्या, "इचारतत, तो राउटर तुमच्यापैकी कोणाक होयो काय? नवो कोरो आसा."

मीनल उठून गॅलरीत गेली. मला नाही म्हणवेना. काकांनी स्वतः उठून तो काढला, वायर नीट गुंडाळली आणि पिशवीत घालून माझ्या हातात दिला.