खरखरअप्पा

भवानी पेठेत माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण अप्पांइतका तुसडा माणूस शोधूनही सापडला नसता. जुन्या तबकड्या आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये भरून देणं हा त्यांचा धंदा, आणि आलेल्या गिऱ्हाइकाची आधी खरडपट्टी काढणं हा छंद. "तीस वर्सं माळ्यावर उंदरांपाशी ठेवली, आणि आता घाई व्हय?" हे त्यांचं स्वागत. पाणीही विचारायचे नाहीत.

टेप सुरू करायच्या आधी ते पंखा बंद करत. सोलापूरचा मे महिना, डोक्यावर पत्रा, आणि पंखा बंद! आवाज वायरीतून जातो, त्यात पंख्याचा काय संबंध, असं मी एकदा घाम पुसत विचारलं. म्हणाले, "वायरीतून माझ्या कानात येतोय न्हवं? उकडत आसंल तर भायेर थांबा की."

बाकीचे लोक मशीन लावून चहाला जातात. हे मात्र तासाभराची कॅसेट तासभर मांडी घालून ऐकत आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहीत बसत. कितव्या मिनिटाला काय ऐकू आलं, त्याची यादी. 'कुकरची शिट्टी. दार वाजलं. म्हातारं खोकलं.' हा कागद प्रत्येकाच्या हातात सक्तीने कोंबला जाई. रिकामटेकडेपणाला औषध नाही, असं मी मनात म्हणायचो.

आणि खरखर काढून द्यायला साफ नकार. म्हणून तर पेठेने त्यांचं नाव खरखरअप्पा ठेवलं. "खरखर काढली की तिच्यासंगट घर बी जातंय," ते म्हणत. "भिंती ऐकू यायला पायजेत." आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करून पोट धरून हसत असू.

माझ्याकडे आईची एकच कॅसेट होती. आई तेलुगू पाळणे फार गोड म्हणायची. ती गेल्यावर तिचा आवाज एवढ्या एका फितीत उरला होता, आणि त्यावर आतल्या खोलीतल्या हातमागाची अखंड खटखट. माग वडिलांचा. वडील आईशी कामापुरतं बोलत. तिच्या गाण्याला साधं 'बरंय' म्हणाल्याचंही मला आठवत नाही. आईने त्याची कधी तक्रार केली नाही, तक्रार माझीच होती. तेही गेले, तरी माझा राग गेला नव्हता.

"ही खटखट तेवढी काढा," मी अप्पांना म्हणालो.

"न्हाय काढनार. आदी नीट ऐका की."

"मला आई ऐकायची आहे, माग नाही."

त्यांनी पेन ड्राइव्ह, कॅसेट आणि तो कागद माझ्यापुढे आपटला. "कॅसेट जपा. मी प्रत ठेवत न्हाय. लोकांच्या घरातला आवाज आपल्या घरात कशाला?"

मी तडक सात रस्त्याजवळच्या एका गारेगार स्टुडिओत गेलो. दहा मिनिटांत आईचा आवाज धुतल्या तांदळासारखा स्वच्छ झाला. पेन ड्राइव्हवरचं जुनं पुसून मी हे नवं भरलं. दिवाळीच्या साफसफाईत कॅसेट भंगारात दिली. आणि मग, अप्पांची जिरवायचीच म्हणून, नाक वर करून त्यांच्याकडे ते ऐकवायला गेलो.

अप्पांनी पंखा बंद केला. डोळे मिटून सगळे पाळणे ऐकले. मग विचारलं, "तुमचे वडील कुटं गेले?"

"वडील त्यात नव्हतेच. नुसता माग होता."

"तिसऱ्या पाळण्याला माग थांबतोय. पाळणा सरंपतोर थांबतोय, मग पुना चालू. परत्येक ओळ ऐकलीय त्या मानसानं. लिवून दिलंतं की मी! वाचलं न्हाय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"कॅसेट?"

"भंगारात."

वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार. मी तर त्याची वाटच पाहत होतो. पण ते उठले, पंखा लावला आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

तो कागद मला घरी मसाल्याच्या डब्याखाली सापडला. बायकोने अंथरला होता. हळदीचे डाग पडलेले, पण अक्षर शाबूत.

पुढे अप्पाही गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ज्या माणसाला मी उभा जन्म रिकामटेकडा म्हणत आलो, त्याने माझ्या बापाला तासाभरात ओळखलं. मी चाळीस वर्षं बापासोबत एकाच घरात राहिलो होतो.

अजून कधीतरी ती फाइल लावतो. आधी पंखा बंद करतो. आई गात असते, मागे कुठे खुट्ट नाही. मी कागदावर बोट ठेवून वाट पाहतो. 'बारा मिनिटं : माग थांबला.' बारावं मिनिट येतं, जातं. ऐकू काहीच येत नाही. थांबायला माग तर हवा.