अत्तराने राखलेलं हरीण

मादीचा वास पसरवून नराला बंदुकीपुढे आणायचं, याला शिकार म्हणायचं?

आज हिन्याचं अत्तर हुंगलं आणि साठ सालचं कुवेतमधल्या अहमदीबाहेरचं वाळवंट आठवलं. हरणांचा माज नुकताच सुरू झाला होता. शिकारीला निघालेल्या आमच्या तेल कंपनीच्या साहेबाने झुडपावर हरिणीच्या मुताची बाटली शिंपडली. शुक्रवार असल्याने आमचे रत्नागिरीचे ड्रायव्हर दाऊदचाचा यांच्याकडे अत्तराची कुपी होती. नर दिसताच मी ती अंगावर रिकामी केली. वारा त्याच्याकडेच वाहत होता.

"नोकरी जायल रे तुजी!" चाचा कुजबुजले.

"हरीण जगेल ना, चाचा!"

नर थबकला आणि उधळला. साहेब भडकला. चाचा शांतपणे म्हणाले, "साहब, जुम्मा है, खुशबू तो लगानी पड़ती है."

माझी नोकरी गेली. तेव्हा रडलो, आज तो माझा पहिला विजय वाटतो. तुमच्यासमोर कुणी अशी बाटली उघडली, तर वारा कुठे वाहतो ते बघा आणि मध्ये उभे राहा.