श्रीवत्साचे नमस्कार

कृष्णाबाई धारवाडात आमच्या मळमड्डीतल्या निम्म्या घरांत बाळांना न्हाऊ घालायची. भिंतीला टेकून पाय लांब करायचे, पायांवर बाळ, हाताला तेल, आणि तोंडाचा पट्टा चालू. ‘अय्यो, हा तर धारवाडचा कलेक्टरच की!’ सगळीच बाळं तिला कलेक्टर. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगते, कारण मी एम.ए. आहे, आणि आमचे मामंजी बाळाचार्य म्हणजे गावातले मोठे विद्वान.

माझा श्रीवत्स चौऱ्याण्णव सालचा. पाच महिन्यांचा होता. एका संध्याकाळी ऐन आरतीच्या वेळी झोपेतून उठला आणि त्याने एकदम मान खाली घातली, दोन्ही हात पुढे फेकले, गुडघे पोटाशी घेतले. सैल पडला. परत तसंच. असं दहा-बारा वेळा. मामंजींच्या हातात घंटा होती, डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, ‘हेमावती, बघ गं, नमस्कार घालतोय!’

मग काय, सगळी गल्ली लोटली बघायला. आणि मी काय केलं तेही सांगते. झोपून उठला की तो हे हमखास करतो, हे माझ्या ध्यानात आलं होतं. म्हणून मी त्याला दुपारी उशिरा झोपवायची आणि बरोबर आरतीला उठवायची. लोक वा वा म्हणायचे. मला आवडायचं.

कृष्णाबाईने तिसऱ्याच दिवशी सांगितलं. ‘अक्का, भांडं पडलं की पोर दचकतं, ते एकदा. हे दचकणं नव्हे. थांबतं, परत येतं, परत येतं. माझ्या पायांना कळतंय की. डॉक्टरला दाखवा.’

मामंजींनी ऐकलं. ‘तुला देवाधर्मातलं काय कळतं? आंघोळ घाल आणि जा.’ ती आंघोळ घालून गेली. त्यानंतर ती रोज हळूच तेच म्हणायची आणि मी हो हो करायची.

सातव्या आठवड्यात तिने ओलं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. तोंडाचा पट्टा बंद होता. ‘हसत नाही हो हा आता,’ ती म्हणाली. मी बांगड्या वाजवल्या. त्याने पाहिलं नाही. तो पालथा पडायचा, तेही थांबलं होतं. कधी थांबलं, मला आठवेना. कुणाला न विचारता आम्ही दोघी रिक्षात बसलो.

डॉक्टरांसमोर तो झोपून उठला आणि त्याने नमस्कार घातले. ‘हे झटके आहेत,’ डॉक्टर म्हणाले. ‘किती दिवस झाले?’

‘सात आठवडे.’

त्यांचं पेन थांबलं. ‘असं दिसलं की त्याच दिवशी आणायचं असतं.’

‘आणलं असतं तर बरा झाला असता?’

‘खात्रीनं नाही सांगता येत. पण शक्यता जास्त होती.’

मी रडले नाही. काही वाटलंच नाही. आत काहीतरी बधिर झालं, ते अजून तसंच आहे.

इंजेक्शनांनी झटके थांबले. त्या संध्याकाळी मामंजींनी आरती केली. श्रीवत्स माझ्या मांडीवर स्वस्थ पडून होता. मामंजींनी परत एकदा घंटा वाजवली. मग खाली ठेवली.

आता श्रीवत्स नऊ वर्षांचा आहे. बोलत नाही. बसवला तर बसतो. कृष्णाबाई अजून येते, त्याला तेल लावते, कलेक्टर म्हणते. ‘मी सांगितलं होतं’ असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

परवा ती सप्तापूरच्या एका पोरीला घेऊन आली. ज्योती तिचं नाव, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. ‘ह्याचंही तसंच होतंय, अक्का. घरचे म्हणतायत दात येतायत, पोटात दुखत असेल. माझं ऐकत नाही ही. हिला श्रीवत्साला बघू द्याल?’

राग यायला हवा होता. आला नाही. मी दार पूर्ण उघडलं. ज्योती त्याच्याकडे बघत राहिली.

‘तुझ्या बाळाला कधीपासून होतंय?’ मी विचारलं.

‘कालपासून.’

‘मी सात आठवडे थांबले,’ मी म्हटलं.

ज्योती चपला न घालताच रिक्षाकडे पळाली.